सात लॉकची चढण

"दोरी टाका वर. आणि इंजिन हळू ठेवा," काठावरून वॉल्टर म्हणाला.

नोरीननं बोटीवरून दोरी फेकली. चौदा वर्षांनी समोर आलेला सख्खा भाऊ तिला 'टाका', 'ठेवा' म्हणत होता.

लॉकचे, म्हणजे पाणी भरून बोटीला कालव्याचा चढ चढवणाऱ्या हौदाचे, खालचे दरवाजे मिटले. वॉल्टरनं वरची झडप उचलली, तसं पाणी घुसळत आत आलं आणि बोट वर चढू लागली. त्याच्या बुटांवरून तिची नजर गुडघ्यांवर, मग छातीवर आली. तोंड समोर आलं तेव्हा तो वळून पुढच्या लॉककडे चालायला लागला.

लेस्टरच्या मोजे-गिरणीत एकोणचाळीस वर्षं शिलाई करून नोरीननं ही जुनी, अरुंद बोट घेतली, तेव्हा गिरणीतल्या बायका हसल्या होत्या. "नवरा नाही, पोर नाही, आता बुडायचीच हौस उरली होय गं?" ती नुसती हसली. वॉल्टर हॅलम नावाचा म्हातारा मंगळवारी इथल्या सात लॉकवर बोटींना हातभार लावायला येतो, हे तिला एका बोटवाल्यानं सांगितलं होतं. शनिवारपासून ती खाली बोट बांधून मंगळवारची वाट बघत होती.

आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं वॉल्टरनं केलं. नोरीन नाताळला कार्ड पाठवायची. आणि आईला पुरून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर, चार माणसांत ती बोलली, "वेळेवर हॉस्पिटलात नेलं असतं तर जगली असती." वॉल्टर ताट तसंच ठेवून उठला, तो आजवर तिला भेटला नव्हता.

चौथ्या लॉकमध्ये ती त्याच्याकडेच बघत राहिली. बोट पुढं सरकली, नाक दरवाजाच्या आडव्या लाकडाखाली अडकलं. पाणी चढत होतं. मागची बाजू वर उचलली गेली, पुढची दबली. कपबश्या खळकन फुटल्या.

"नोरी! धरून बस! अगं, घट्ट धर!"

वॉल्टरनं झडप पाडली आणि पंचाहत्तरीच्या पायांनी धावत खालचं टोक गाठलं. तिथली झडप उघडताच पाणी ओसरलं आणि नाक सुटलं. बोट धपकन पाण्यावर सरळ झाली.

तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. "लक्ष कुठं असतं तुझं?"

"तुझ्याकडं होतं," ती म्हणाली.

पुढची तीन लॉक दोघांनी पार केली. माथ्यावर बोट काठाच्या पातळीला आली, तेव्हा नोरीननं इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी बोलले ते चुकलं, वॉली. फार चुकलं."

तो झडपेचं हँडल फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "बोललीस त्याचं एवढं नाही गं. सहा वर्षांत एकदा तरी यायचंस. दाराशी पोस्टमन आला तरी आई विचारायची, नोरी आली का."

तिला रडता येईना. "चहा टाकते. एक कप धड असेल. ये ना आत."

"नको. खाली बोट थांबलीय."

तिनं खाली पाहिलं. माथ्यावरून सातही लॉक आणि पलीकडचा सरळ कालवा दिसत होता. दोन बदकं सोडली तर पाण्यावर काही नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

तिनं इंजिन सुरू केलं. एकटीनं फिरायचं म्हणजे लॉकमधून बाहेर पडून बोट बांधायची, चालत मागे यायचं, दरवाजा लोटायचा आणि पुन्हा जायचं. बाहेर पडून तिनं सवयीनं दोरी हातात घेतली.

"जा तू," मागून वॉल्टर म्हणाला. "दरवाजा मी लावतो."

त्यानं दरवाजाच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावली आणि रेटत मागे मागे चालू लागला. नोरीननं दोरी खाली ठेवली.