बारावे मागणे

खाडीचा काठ बुजवून पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का बांधायचा, हे सरकारने ठरवले होतेच. राहिली होती गावाची संमती. ती घ्यायला जिल्ह्याहून साहेब आले, तेव्हा ठेकेदाराचा माणूस सत्यवान याने सुचवले की ग्रामसभा देवळातल्या म्हाताऱ्या दाजींच्या गाऱ्हाण्याने, म्हणजे देवाला घालायच्या साकड्याने, सुरू करावी. साहेबांना लोकसंस्कृतीची फार आवड. खाडीच्या वासाने मात्र त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

दाजींनी देवापुढे एकेक मागणे मांडायचे आणि प्रत्येकाच्या शेवटी गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, ही रीत. दाजींनी पाऊस मागितला, जाळ्यांत मासळी मागितली, पोराबाळांची राखण मागितली. लोक आपापले नवस चिठ्ठीवर लिहून देतात, तशी सत्यवानाने एक चिठ्ठी पुढे केली. दाजींनी बारावे मागणे म्हणून ती वाचली: “गावात बोटींचो धक्को येवं दे, देवा म्हाराजा.”

त्याच काठावर तिसऱ्यांचे शिंपले वेचून घर चालवणाऱ्या सावित्रीसकट दोनशे माणसे सवयीने म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

सत्यवानाने ते मोबाइलवर टिपले. साहेब उठलेच. चर्चेला वेळ नव्हता, पुढच्या गावात जेवण होते.

इतिवृत्त ग्रामसेविका जॅनेटने लिहायचे होते. ‘ग्रामस्थांनी सर्वानुमते संमती दिली’ हे वाक्य टाइप होऊनच आले होते. सरपंचांनी चहा निवायच्या आत सही केली. जॅनेट रसायनशास्त्र शिकलेली. जे पाहिले नाही ते वहीत लिहायचे नाही, एवढे ती प्रयोगशाळेतून घेऊन आली होती. तिने टाइप केलेला कागद बाजूला सारला आणि लिहिले: ‘ग्रामस्थांनी बारा वेळा होकार दिला, तो देवाला. प्रकल्पाबद्दल त्यांना कोणी विचारले नाही.’

साहेबांनी फोनवर सांगितले की व्हिडिओत होकार स्पष्ट ऐकू येतो.

“येतो, सर,” जॅनेट म्हणाली. “कोणाला दिलाय तेही येतं.”

आठ दिवसांत तिची जिल्ह्याच्या पार टोकाला, दोडामार्गला बदली निघाली. मुलगी दहावीला होती. साहेबांना ते माहीत होते.

दाजी पंचायतीत येऊन खाली मान घालून बसले. “बाये, माझ्या तोंडान घात केल्यान. पन्नास वर्सां म्हणतंय. म्हाराजा म्हटला की लोकांक व्हय येताच.”

“लोकांनी गप रवणा गुन्हो नाय, दाजीनू,” जॅनेट म्हणाली.

तिच्या सहीवाचून कागद पुढे सरकेना, नवा ग्रामसेवक महिनाभर रुजू होणार नव्हता आणि साहेबांना घाई होती. सभा पुन्हा लागली. गाऱ्हाणेही तेच हवे, असा साहेबांचा आग्रह. एकदा लागू पडलेले औषध ते सोडणार थोडेच.

अकरा मागण्यांना सभागृह दुमदुमले. दाजींनी बारावे वाचले, चिठ्ठीची घडी घातली आणि थांबले.

कोणी बोलले नाही. सावित्री मांडीवर हात ठेवून थेट साहेबांकडे पाहत होती. सत्यवानाने ते पुन्हा वाचायला लावले. दाजींनी पुन्हा वाचले, अधिक सावकाश. साहेबांनी सत्यवानाकडे पाहिले, तसा तो घाईघाईने एकटाच म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

जॅनेटने लिहिले: ‘उपस्थिती दोनशे चौदा. बाराव्या मागण्यास होकार एक: सत्यवान, राहणार कणकवली.’

मग तिने सही केली, शिक्का मारला आणि दोडामार्गच्या एसटीची वेळ विचारली.