कडू पाणी

मित्रांनो, दांड्याला साखळी गुंडाळून कुलूप घातलेला तो मीच, गल्लीच्या कोपऱ्यावरचा जुना हातपंप. कुलूप पाहून मला गुन्हेगार समजू नका.

ओतशाळेत माझा जन्म झाला. इथे मला उभं केलं, तेव्हा खूप खोलवर गोड पाणी लागलं. पहिली कळशी शिंपीणकाकूंनी भरली. त्यांची लेक चिमी तर माझ्या दांड्याला लोंबकळून खिदळायची. रांगेतल्या बायका बादल्या विसळत बोलत बसायच्या. पाण्याबरोबर बातम्याही माझ्याकडूनच घरोघरी जायच्या, याची मला केवढी ऐट होती!

एका सकाळी काकू अंगात कणकण घेऊन आल्या. तापाची गोळी घशाखाली उतरण्याआधी तोंडातच विरघळली होती. ओंजळभर पाणी पिऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"शी! आज पाणी कडू लागतंय बाई."

एवढंच. रांगेत मागे उभ्या असलेल्या धोबीणबाईंनी ते जावेला सांगितलं, "पाण्यात काहीतरी आहे म्हणे." जावेने ते शेजारणीला सांगताना त्यात कुणाच्या तरी उलट्या आल्या. शेजारणीकडून ते पुढे गेलं, तेव्हा पलीकडच्या गल्लीत एक बाळ दगावलं होतं. मित्रांनो, मुद्दाम खोटं कुणीच बोललं नाही. जिने तिने आपल्या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि आपल्या माणसाला कोण उलट विचारणार?

मग ते फिरून रांगेत काकूंपर्यंत आलं. बेकरीवाल्याच्या बायकोने सगळं सांगितलं. काकूंचा चेहरा उतरला.

"तरीच! मला त्या दिवशी कडू लागलं होतं. म्हणजे खरंच आहे तर!"

स्वतःचंच बोलणं त्यांना ओळखू आलं नाही. मी कळवळलो, पण मला वाचा कुठली?

पाणी तपासणारे साहेब बाटली भरून घेऊन गेले. परत येऊन म्हणाले, "पाणी अगदी चांगलं आहे. खुशाल प्या."

"त्यांचं काय जातंय सांगायला?" धोबीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी मला साखळी पडली.

सगळे पाण्यासाठी गल्लीमागच्या कालव्यावर जाऊ लागले. त्यात वरच्या वस्तीची घाण मिसळत होती. पण कालव्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं, म्हणून तो चांगला ठरला. चिमीला जुलाब लागले. माझं पाणी विषारी समजून काकू तिला कालव्याचंच पाणी पाजत राहिल्या. चिमी गेली.

आता मी गंजतो आहे. मित्रांनो, मला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल. फक्त कुणी 'म्हणे' म्हणालं, की विचारा, "कोण म्हणालं?" मग त्यालाही जाऊन विचारा. लाजू नका.

काल काकू इथून जाताना थांबल्या. सोबत नवी भाडेकरू होती. माझ्याकडे बोट दाखवून काकू म्हणाल्या, "याचं पाणी पिऊ नकोस हं. माझी चिमी याच्यामुळेच गेली."

तिने मान डोलावली. आईच सांगते आहे म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही.