तांबड्या झग्यातली आल्देआ

मॉन्ट्रियलमध्ये जुनी कागदी चित्रं दुरुस्त करणाऱ्या सोलांज गँग्राने चौकट पालथी घातली, गंजके खिळे उपटले, चित्राभोवतीचा जुना पुठ्ठा उचलला आणि बोट ठेवून दाखवलं. पुठ्ठ्याच्या काठाखाली झाकलेली चित्राची पट्टी लालभडक होती. बाकीचा झगा मात्र विटून फिकट गुलाबी झाला होता.

"एवढा लाल होता?" रेजाँ क्लूतिएने वाकून पाहिलं.

चित्रातली बाई त्याची आई, आल्देआ. ती ऐन विशीत असताना मॉन्ट्रियलच्याच एका चित्रकाराने तिला समोर बसवून लाकडात कोरलं, मोजक्या तीस प्रती छापल्या आणि आणखी निघू नयेत म्हणून लाकूड फोडून टाकलं. ही सातवी प्रत त्याने आल्देआला दिली होती.

"खिडकीसमोर टांगलं होतं ना?" सोलांजने विचारलं.

"जन्मभर. आता वृद्धाश्रमातही खिडकीसमोरच. तिचा हट्ट."

सोलांजने भिंगातून पेन्सिलीची सही तपासली, कागद उजेडाला धरला. प्रत अस्सल होती, पण रंग उडाल्यामुळे मोल निम्म्यावर आलं होतं आणि स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागदाच्या कडा करपल्यासारख्या झाल्या होत्या.

"मग रंग भरा की. तुमचा हात चांगला आहे म्हणतात."

"मी रंग भरला तर ते माझं चित्र होईल. गेलेलं परत येत नाही, मसिए क्लूतिए. आहे ते राखता येईल, तेही अंधारात, पेटीत. उन्हाचा एकेक दिवस यातलं काहीतरी नेतोय."

रेजाँने मग तोडगा काढला. अस्सल चित्र सोलांजच्या कपाटात राहील, आईच्या भिंतीवर हुबेहूब नक्कल लागेल.

"त्यांना सांगाल ना?"

"सांगतो की."

सोलांजने कडा धुतल्या, फाटक्या कोपऱ्याला गव्हाच्या खळीने पातळ कागद लावला आणि ओळखीच्या छापखान्यातून नक्कल करून दिली. काम चोख झालं, पण मन काही केल्या थाऱ्यावर येईना. नाताळ जवळ आला तेव्हा मेपलच्या साखरेच्या वड्या घेऊन ती आल्देआला भेटायला गेली.

म्हातारी भिंतीकडे पाठ करून बसली होती. सोलांजने आपलं नाव आणि काम सांगितलं.

"ते तू केलंस का गं?" मान न वळवता तिने विचारलं.

"रेजाँ काही बोलले नाहीत?"

"तो कशाला बोलतोय! त्याला वाटतं, आईचे डोळे गेले म्हणजे सगळंच गेलं. अगं, मी ते बोटांनी बघते. खाचा केवढ्या खोल होत्या, शाई नुसती उभी राहायची. हे म्हणजे गुळगुळीत कॅलेंडर. माझं चित्र कुठंय पोरी?"

सोलांजने वड्या तिच्या हातावर ठेवल्या. घरी येऊन तिने रेजाँला फोन लावला.

"तुम्हीच म्हणालात, ऊन चित्र खातंय," तो म्हणाला. "आई आज आहे, उद्या नाही. मग माझ्या हाती काय उरणार? कोरा कागद?"

"चित्र त्यांचं आहे."

"आणि तुम्हाला काम दिलं मी."

दुसऱ्या दिवशी सोलांजने कपाट उघडलं, चित्र काढलं, आणि बर्फातून गाडी हाकत ती वृद्धाश्रमात गेली. नक्कल उतरवून तिने अस्सल चित्र टांगलं. खिडकीसमोरच, आणि काच न लावता, कारण आल्देआला काच नको होती. कोणाच्या बोटाचा तेलकटपणा कागदाला लागू नये म्हणून आयुष्यभर जपत आलेली सोलांज बाजूला उभी राहून बघत राहिली. आल्देआची तर्जनी झग्याच्या चुण्यांवरून खाली आली, गुडघ्यापाशी थांबली, पुन्हा वर गेली.

"त्या दिवशी मला हसू आवरत नव्हतं," म्हातारी म्हणाली. "तो सारखा म्हणे, हलू नकोस."

रेजाँने पुन्हा सोलांजचं तोंड पाहिलं नाही. ईस्टरच्या आधी आल्देआ गेली. त्याने चित्र दुसऱ्या कुणा तज्ज्ञाकडे नेल्याचं सोलांजच्या कानावर आलं. झग्यावर बोटांचे मळके डाग पडले होते म्हणे. त्या तज्ज्ञाने विचारलं, हे कुणी होऊ दिलं?

तिच्या टेबलावर नवी कामं येत राहिली. पण कुठल्याही चित्राचा पुठ्ठा उचलताना तिचा हात आता क्षणभर अडखळतो.