इंगळेबाईंचा फुटबॉल

मी एक फुटबॉल बोलतोय. आवाज जरा बसका येईल, कारण माझ्यात आता हवा राहत नाही. भूमच्या एका शाळेत, खेळाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात वरच्या फळीवर मी बसलेलो असतो. माझ्या एका बाजूला व्हॉलीबॉलची गुंडाळलेली जाळी आहे आणि दुसऱ्या बाजूला तुटकी लेझीम. शिवणींत नीट पाहिलंत तर अजून पिवळा रंग दिसेल. तो कुठून आला, ते सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडलं आहे.

मी डेन्मार्क नावाच्या थंड देशातून आलो. तिथल्या एका दुकानातून मला इंगे ल्युंग नावाच्या तरुण बाईंनी विकत घेतलं. त्या तिकडे मुलींना फुटबॉल शिकवायच्या. दोन वर्षं दूरच्या देशात जाऊन, पगार न घेता, मुलांना खेळ शिकवायचा असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या संस्थेनं गाव नेमून दिलं खडकेवाडी, नळदुर्गपासून दोन कोसांवरचं. त्यांनी माझ्यातली हवा काढली, लोकरी स्वेटरमध्ये मला गुंडाळलं आणि आम्ही निघालो.

ते बहात्तर सालचे दिवाळीनंतरचे दिवस होते. पाऊस झालाच नव्हता. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

आमच्या येण्याचं पत्र शाळेत आधीच पोचलं होतं. मुख्याध्यापक धोंडप्पा गुरुजींनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि गावाला सांगितलं, "खेळ शिकवायला इंगळेबाई यायल्यात." म्हणून एसटीच्या थांब्यावर ओवाळणीचं ताट घेऊन मुली उभ्या होत्या. गाडी थांबली. दारात वाकून, डोकं सांभाळत, पिवळ्या केसांची एक उंचच उंच बाई उतरली. गुरुजी तिच्या मागं बघत राहिले. गाडी निघून गेली तरी मागं कुणीच नव्हतं.

"इंगळेबाई कुठायत?" त्यांनी गाडीमागं उडालेल्या धुळीलाच विचारलं.

बाईंनी छातीवर हात ठेवला. "इंगे ल्युंग."

"व्हय, त्याच. कुठायत?"

"इंगे ल्युंग," बाई पुन्हा हसून म्हणाल्या.

ताट धरलेली मुक्ता पुढं झाली. ती गावातल्या बौद्ध वस्तीतली, सातवीतली सगळ्यात हुशार मुलगी. तिनं सरळ बाईंना कुंकू लावलं आणि म्हणाली, "गुरुजी, ह्याच इंगळेबाई." तेव्हापासून हजेरीपटावरही त्या इंगळेबाईच राहिल्या.

सोसायटीच्या चेअरमन नानासाहेबांच्या सायकलपंपानं मला हवा भरली गेली. पोरं जमली. "परदेशी चेंडू हाय, हात लावू नका," असं नानासाहेब सगळ्यांना बजावत होते. मीही जरा फुगलोच, म्हणजे हवेपेक्षा जास्त. पण दिसेल ते अक्षर वाचण्याची मुक्ताला सवय. तिनं माझ्या एका काळ्या तुकड्यावरची बारीक अक्षरं जुळवून वाचली, "मेड इन इंडिया." मी जालंधरला शिवला गेलो होतो, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सगळ्यात जास्त इंगळेबाईच हसल्या.

मैदान म्हणजे शाळेमागचं माळरान. बाई आणि मुली आठ दिवस दगड वेचत होत्या. जाणारी-येणारी माणसं विचारायची, "इथं बी काम निघालं का?" चुना नव्हता म्हणून चुलीतल्या राखेनं रेघा आखल्या. मग परकर खोचून, अनवाणी पायांनी खेळ सुरू झाला.

सगळ्यांत वेगानं धावायची ती अयोध्या. धनगरांची मुलगी. आई-वडील मेंढरं घेऊन लांब गेलेले आणि ती आजीजवळ, म्हाळसाबाईंजवळ राहायची. मेंढरांमागं धावून तिचे पाय हलके झाले होते. तिच्या पायाला मी लागलो की कुठे जायचं, ते मला आपोआप कळायचं. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे, पण मैदानावर "इकडं दे!" असं ओरडताना मी तिला ऐकलं आहे.

महिन्याभरानं म्हाळसाबाई मैदानावर आल्या. हातात काठी, कपाळावर भंडारा.

"काय करलालीस गं? लाथा मारायला शिकवाय लागलेत व्हय शाळंत?"

अयोध्यानं खोचलेला परकर घाईनं सोडला. इंगळेबाई पुढं आल्या. त्यांना तोवर थोडं मराठी येऊ लागलं होतं. म्हाळसाबाईंनी त्यांना पायापासून वर, मान मागं टाकून न्याहाळलं.

"बाई, तुमच्या मुलखात काम न्हाय व्हय? एवढ्या लांब आलाव ते?"

"काम आहे, आजी. पण तिकडे शिकवायला पुष्कळ माणसं आहेत. इकडे कमी."

"आन् आई?"

"आई रडली."

"रडंलच की," म्हाळसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी ओच्यातली भाकरी काढून अर्धी मोडली आणि बाईंच्या हातावर ठेवली. मग नातीकडे वळल्या. "खेळ. पण चामडं झालं तरी त्यानं तुझं काय वाईट केलंय? पाय लागला की नमस्कार करायचा. दे शबूद."

अयोध्यानं शब्द दिला.

इथूनच अडचण सुरू झाली. आपल्याकडं पुस्तकाला, केरसुणीला, माणसाला पाय लागला की तिथं हात लावून तो हात कपाळाला लावतात. अयोध्या मला पाय मारायची, लगेच धावत येऊन वाकायची, मला हात लावायची आणि हात कपाळाला न्यायची. फुटबॉलमध्ये हात लावला की शिट्टी वाजते. इंगळेबाईंनी आधी समजावलं, मग खुणा केल्या, मग शिट्टी वाजवून वाजवून त्यांचे गाल लाल झाले.

"लांबून नमस्कार कर," त्यांनी सुचवलं.

अयोध्यानं घरी विचारून दुसऱ्या दिवशी निरोप आणला. "आजी म्हणती, लांबून नमस्कार देवाला करतेत. पाय लागल्यावर हात लावूनच."

मला स्वतःला लाथ कधी टोचली नाही. त्यासाठीच मी शिवला गेलो आहे. पण त्या मुलीचा हात अंगाला लागायचा, तेव्हा मला वाटायचं, बाळ, पळ की पुढं.

नळदुर्गच्या शाळेतही बाईंच्याच संस्थेचा एक शिक्षक आला होता आणि त्यानंही मुलींचा संघ तयार केला होता. पौषात नळदुर्गला खंडोबाची जत्रा भरते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सामना ठरला. आदल्या दिवशी संघाची नावं लिहिताना बाईंची पेन्सिल अयोध्याच्या नावापाशी थांबली. अयोध्या समोर उभी होती. शब्द मोडला तर आजी खेळ बंद करणार, आणि शब्द पाळला तर संघ हरणार. ती हळूच म्हणाली, "बाई, माझं नाव नका लिहू."

बाईंनी लिहिलं. सगळ्यात वर लिहिलं.

सामन्याला जत्रेतली माणसं कडेनं उभी होती. नळदुर्गच्या माणिकप्पा सरांकडे शिट्टी होती. पहिल्या पाच मिनिटांतच अयोध्यानं मला तिघींमधून काढलं आणि सवयीनं वाकली. शिट्टी. थोड्या वेळानं पुन्हा तेच. नळदुर्गच्या मुली हसू लागल्या.

"ए, फुटबॉल हाय का देव्हारा?"

"उदबत्ती आणू का गं?"

मग तर आमच्याच गोलसमोर तिनं मला पायानं अडवलं आणि हात लावला. माणिकप्पा सरांनी पेनल्टी दिली. नळदुर्गचा एक गोल झाला. मध्यांतराची शिट्टी वाजली तेव्हा अयोध्या मला पोटाशी धरून लिंबाच्या झाडाकडे गेली आणि रडू लागली.

त्याच झाडाखाली म्हाळसाबाई बसल्या होत्या. खंडोबाचं दर्शन घेऊन थेट इकडेच आल्या होत्या.

"त्यो मास्तर माझ्या लेकरावरच का शिट्ट्या वाजवाय लागलाय? काय घोडं मारलंय तिनं त्याचं?"

मुक्ता पुढं होऊन म्हणाली, "आजी, तुमच्या शबदापायी. चेंडूला हात लावला की चूक धरतेत. आन् ती तर दर येळी नमस्कार करती."

"दर येळी?"

"तुमीच सांगितलाव न्हवं?"

म्हाळसाबाईंनी नातीकडं पाहिलं. तिच्या कपाळावर माझ्या अंगाची धूळ बसली होती, एवढी की टिळा लावल्यासारखी. त्यांनी काठीनं माती उकरली.

"तुझा आजा कुस्ती खेळायचा," त्या म्हणाल्या. "आखाड्यात उतरायच्या आधी माती कपाळाला लावायचा. एकदाच. मग दिवसभर त्याच मातीवर धपाधपा पडायचा. दर डावाला पाया पडत बसला असता तर कवाच चीत झाला असता." मग नातीच्या पाठीवर एक चापट मारली. "येडे, दर येळी करायचा का एकदाच, एवढं तरी इचारायचं! आण ते हिकडं."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. त्याआधी मला मांडीवर कुणी घेतलं नव्हतं. कनवटीची पुरचुंडी सोडून त्यांनी खंडोबाचा भंडारा माझ्यावर चांगला चोळला आणि हात जोडून म्हणाल्या, "आज जेवढे पाय लागतील त्या समद्यांची एकदाच माफी कर रं बाबा." आणि अयोध्याला म्हणाल्या, "जा. आता हाण."

अयोध्या गेली. मी पिवळाधमक होऊन मैदानात आलो आणि एक गंमत झाली. अयोध्या मला घेऊन धावत होती. समोर नळदुर्गची सगळ्यात दांडगी मुलगी आडवी आली, तिनं पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. खंडोबाच्या गावची ती. भंडाऱ्याला पाय कसा लावणार? गोलमध्ये उभी असलेलीही दचकली. तेवढ्यात मी त्यांच्या गोलच्या दोन दगडांमधून आत गेलो होतो.

माणिकप्पा सर शिट्टी ओठांशी धरून विचारात पडले. भंडाऱ्याबद्दल नियमात काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी गोल दिला. खडकेवाडीची पोरं नाचू लागली. इंगळेबाई दोन्ही हातांत तोंड लपवून हसत होत्या.

पण अयोध्या नाचली नाही. तिनं मला उचललं, परकराच्या टोकानं माझं सगळं अंग पुसलं आणि हाताला लागलेला भंडारा आधी त्या दांडग्या मुलीच्या कपाळाला लावला, मग गोलमधलीच्या, मग राहिलेल्या सगळ्यांच्या. "आता बिनधास्त हाण," ती म्हणाली. कधी न बोलणारी मुलगी, अनोळखी मुलींना हे म्हणाली.

झाडाखालून म्हाळसाबाई ओरडल्या, "शाणी झालीस लई!" पण त्या हसत होत्या.

त्यानंतर गोल झाला नाही. बरोबरी झाली. दोन्ही संघ एकाच मडक्यातलं पाणी वाटून प्याले, कारण त्या वर्षी दुसरं मडकं भरायला पाणी नव्हतं.

दोन वर्षं संपली. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर इंगळेबाई निघाल्या. मला त्यांनी मुलींना देऊन टाकलं होतं. एसटी आली, सगळी घाई झाली, कुणी पिशवी देतंय, कुणी शेंगांचं गाठोडं. त्या गडबडीत अयोध्याच्या हातातून मी सुटलो, घरंगळत गेलो आणि बाईंचा पाय मला लागला. बाई थांबल्या. गाडीचं दार उघडं, कंडक्टर घंटी वाजवतोय, आणि एवढी उंच बाई खाली वाकली. मला हात लावला. तो हात कपाळाला नेला.

त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हाळसाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि गुरुजींना म्हणाल्या, "आता झाली बगा खरी इंगळे."

अयोध्या पुढं शिकली आणि इथं भूमला खेळाची शिक्षिका झाली. येताना मला घेऊन आली. आता मुली नव्या चेंडूनं खेळतात, आणि तेच बरोबर आहे. पण सामन्याच्या दिवशी अयोध्याबाई कपाट उघडतात. मुली रांगेनं येतात, एकेक जण मला हात लावते, कपाळाला नेते आणि मैदानावर जाऊन खुशाल लाथा मारते. मी वरून आरडाओरडा ऐकत बसतो. मला कशाचीच कमी नाही.

मुलींनो, एकच मागणं आहे. कुणी लांबून, आपल्या आईला रडत ठेवून, तुम्हाला काही शिकवायला आलं तर त्याचं नाव चुकलं तरी चालेल, त्याला अर्धी भाकरी जरूर द्या. आणि नमस्कार करायचा तर करा, मी नको म्हणणार नाही. फक्त शिट्टी वाजायच्या आधी करा.