व्हिनेगर कुणी घातलं

ऑक्टोबरात आठ दिवस तापाने पडले आणि उठले तेव्हा माझं नाक आणि जीभ, दोन्ही गेलेली होती. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. खारवलेला मासा म्हणजे ओलं फडकं. डॉक्टर म्हणाला, चव परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही. ही गोष्ट दवाखान्याच्या दाराबाहेर जाता कामा नये असं मी त्याला बजावलं, आणि घरी येऊन नवऱ्याला, बोयेला, सांगितलं की सगळं ठीक आहे.

लपवायचं कारण एकच होतं, माझी नणंद वीब्के. आमच्या डिथमार्शनमध्ये, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, नाताळच्या दुपारी हंस भाजतात आणि त्याच्याबरोबर आंबटगोड लाल कोबी शिजवतात. हंस कुणीही भाजतो, भट्टीत घातला की झाला. कोबीचं पातेलं ज्या घरी, नाताळ त्या घरी. सासूबाई गेल्यापासून एकतीस वर्षं ते पातेलं माझ्याकडे आहे, आणि एकतीस वर्षं वीब्के मला पाण्यात पाहते आहे. मी आयडर नदीच्या पलीकडची, परकी. तिच्या आईचं पातेलं परकीच्या हाती गेलं हे तिला कधी पचलं नाही.

यंदा तर सप्टेंबरातल्या कोबीच्या जत्रेत तिने चार बायकांसमोर मला गाठलं. म्हणाली, “तेल्झे, तू आता थकलीस गं. या नाताळला काय करतेस ते बघू. नाही जमलं, तर पुढच्या वर्षीपासून सगळे माझ्याकडे.”

“बघच,” मी म्हटलं. तेव्हा जीभ शाबूत होती. पण दिलेला शब्द जीभ गेली म्हणून मागे घ्यायचा, असली बाई मी नाही.

चोवीस तारखेला सकाळी मी शेतातलेच दोन गड्डे चिरायला घेतले. लाल कोबी आदल्या दिवशीच करायचा, एक रात्र मुरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. हंसाच्या चरबीवर कांदा परतला, कोबी टाकला, खरखरीत सालीची आंबट सफरचंदं, तमालपत्र, चार लवंगा. साखर दोन मुठी, पण दुसरी मूठ करंगळी उघडी ठेवून. हे मोजमाप कुठे लिहिलेलं नाही, माझ्या हातात आहे. लोक म्हणतात तिच्या हाताला चव आहे. मग जिभेचं काय एवढं अडलंय, असा माझा हिशेब होता.

राहिला आंबटपणा, तो मी डोळ्यांनी चाखते. चिरताना कोबी जांभळा असतो. आचेवर तो निळा पडायला लागतो, शाळेतल्या शाईसारखा. त्यात एकेक चमचा व्हिनेगर घालत ढवळायचं, की तो तांबड्याकडे वळतो. आमच्या चर्चच्या विटा पावसात भिजल्यावर जशा दिसतात, तसा रंग आला की थांबायचं. त्या सकाळी मी पाचव्या चमच्याला थांबले. दोन तास मंद आचेवर शिजवून पातेलं चुलीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि हात पुसले. मनात शंका म्हणून नव्हती.

दुपारी चारच्या प्रार्थनेला मी एकटीच गेले, बोयेचा गुडघा दुखत होता. परत आले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर वीब्केचा बिस्किटांचा डबा. बोये म्हणाला, ती येऊन ठेवून गेली, बसलीसुद्धा नाही. मी सहज पातेल्याचं झाकण उचललं आणि जागीच उभी राहिले.

कोबी जास्त तांबडा होता. बीट चिरल्यावर बोटं होतात तसा. आपोआप असं होत नाही. कुणीतरी त्यात व्हिनेगर ओतलं होतं, चांगलं दोन-तीन चमचे.

बिस्किटं द्यायला आली म्हणे! ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तिला पहिल्यापासून. एवढा राग आला की तो डबा तिच्या अंगणात फेकून यावा असं वाटलं. पण आता या पातेल्याचं करायचं काय? साखर घालून सावरावं तर साखरेने रंग बदलत नाही, म्हणजे किती घातली ते मला कशावरून कळणार? कुणाला चाखायला सांगावं तर माझंच बिंग फुटणार. झाकण उघडून बरणीत हात घातला, साखर मुठीत घेतली, आणि परत सोडली. नव्याने करायला तळघरात गड्डे होते. पण ती खोडी करणार आणि मी पुन्हा राबणार? मुळीच नाही. पातेलं तसंच मांडायचं ठरवलं. जिने आंबट केलंय, तिचंच तोंड पहिल्या घासाला आधी वाकडं होईल, आणि तिथेच मी तिला सगळ्यांसमोर पकडेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ माणसं टेबलाला बसली. हंस कापला, बटाटे फिरले, कोबी फिरला. मी माझ्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही, नजर वीब्केवर. तिने घास घेतला, चावला आणि काटा खाली ठेवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाहिलं तर तिचे डोळे भरून आले होते.

“हा आईचा कोबी आहे,” ती म्हणाली. “एकतीस वर्षांनी खाल्ला.”

माझा राग अर्ध्यावर लटकला, पण मी सोडला नाही. म्हटलं, आवडणारच, व्हिनेगर तूच ओतलंयस ना.

“मी? तुझ्या पातेल्याला हात लावायची माझी काय छाती आहे, तेल्झे?”

ती खोटं बोलत नव्हती. नणंदेचं खोटं मला मैलावरून कळतं. मग बोयेने तोंड पुसलं आणि म्हणाला, “मी घातलं. तीन चमचे.”

नोव्हेंबरात मी केलच्या पालेभाजीत दोनदा मीठ टाकलं होतं म्हणे. त्याने दोन ताटल्या खाल्ल्या, रात्रभर पाणी प्यायला, आणि तेव्हाच ओळखलं. मी बोलले नाही म्हणून तोही बोलला नाही. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ऑक्टोबरापासून मला चव लागत नाही, आणि हा कोबी मी नुसता बघून केला आहे. वीब्केकडे न बघता बोयेला विचारलं, “बिघडला होता का रे माझा?”

“नाही. अगदी नेहमीसारखा झाला होता.”

“मग?”

त्याने काट्याने ताटातला बटाटा फोडला. “तुला कळणार नाही म्हटलं,” तो म्हणाला, “तर एकदा आईसारखा खावासा वाटला.”

एकतीस नाताळ. दरवर्षी दोनदा वाढून घ्यायचा, ताटली पावाने पुसायचा. एकदाही म्हणाला नाही की मला थोडा आंबट आवडतो. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी माझी साखरेची मूठ जराही चुकली नव्हती याचा अभिमानही वाटला. दोन्ही खरं आहे.

वीब्केने तिसऱ्यांदा कोबी वाढून घेतला. “पातेलं राहू दे तुझ्याकडेच,” ती म्हणाली. “पण त्या जिभेला औषधपाणी करू नकोस हं.” सगळे हसले, मीसुद्धा.

फेब्रुवारीत एका सकाळी कॉफीचा वास आला. संध्याकाळपर्यंत कांदा, लोणी, साबण, सगळं परत आलं. मी खिडकीशी उभी राहून पावाचा कोरडा तुकडा खाल्ला आणि रडले.

कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी मी पाचव्या चमच्याला थांबेन, आणि चारला चर्चला निघेन. बोयेचा गुडघा तेव्हा दुखेलच.