शून्य वेळा

त्या वर्षी गोजराबाई दोनदा पडल्या होत्या, आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून. उंबऱ्याला पाय लावायचा नाही ही लहानपणापासूनची सवय. त्यामुळे पंचाहत्तरी आली तरी त्या वीतभर उंच उंबऱ्यावरून लुगडं सावरत ढांग टाकायच्या. एकदा कंबर धरली, एकदा कपाळाला टेंगूळ आलं. त्यांनी पदर पुढे ओढला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मुलाला, समाधानला, कळलं असतं तर मखमलाबादच्या घराला कुलूप लागलं असतं, परसातली शेवंती वाळली असती आणि गोजराबाई शहरात द्वारका चौकाजवळच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन पडल्या असत्या.

एका रविवारी समाधान आला. सोबत त्याची मुलगी दिशा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. म्हाताऱ्या माणसांच्या घरात पडण्याबद्दल ती कॉलेजसाठी फॉर्म भरून घेत होती.

"आजी, वर्षभरात किती वेळा पडलीस?"

"मी कशाला पडू? लिही, शून्य."

"चक्कर येते?"

"नाय."

"रात्री उठावं लागतं?"

"कशाला? तुझ्या बापागत घोरत पडते."

"आता खुर्चीतून उठून दहा फूट चाल आणि परत येऊन बस. मी वेळ लावते."

गुडघा ठणकत होता. गोजराबाईंनी पदर खोचला, दात आवळले आणि वणीचा गड चढायला निघाल्यागत जाऊन आल्या.

"नऊ सेकंद!" दिशा ओरडली. "बाबा, साठीच्या बायकांना बारा लागतात!"

समाधानचा चेहरा उजळला. "आई, सुटलो बघ! आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुला जिने झेपणार नाहीत म्हणून दोन वर्षं मी गप्प होतो. आता चल."

गोजराबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "आरं, मी पडले व्हते. दोनदा."

"कधी?"

"पोळ्याला. मग संक्रांतीला. त्या उंबऱ्यापाशी."

समाधान खो खो हसला. "यायचं नाही म्हणून आता पडायला लागलीस होय!"

"दिशे, तू तरी लिही गं."

दिशाने पेन उचललं, क्षणभर विचार केला आणि खाली ठेवलं. "तसं नाही चालत, आजी. फायद्यातोट्याचं कळल्यावर बदललेलं उत्तर धरत नाहीत. पुढच्या वर्षी परत पाहणी आहे, तेव्हा सांग."

तोवर समाधानने खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात आईची लुगडी भरायला घेतली होती.