मागचा जोड

दारातून फळी आडवी जाईना म्हणून व्यंकटने ती उभी करायला सांगितली, आणि उभी केल्याबरोबर तिच्यावरच्या चिमुकल्या स्टेशनची पाण्याची टाकी निसटून फरशीवर पडली. फळीचं दुसरं टोक टेम्पोवाल्या राजपालच्या हातात होतं. त्याने टाकीकडे पाहिलं, व्यंकटकडे पाहिलं, आणि फळी आत ढकलली. टाकी म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण होतं. व्यंकटने ते वाकून उचललं, खिशात टाकलं आणि वाकलोच आहोत तर म्हणून गुडघ्यांवर हात ठेवून जरा वेळ तसाच राहिला. बसवकल्याणहून बीदरपर्यंत टेम्पोत फळीला धरून बसल्यामुळे त्याची पाठ आधीच आखडली होती.

मंगल कार्यालयात छंदांचं प्रदर्शन मांडायचं चाललं होतं. जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्या, कुंडीतले बुटके वड, असं सगळं टेबलांवर येऊन बसलं होतं. व्यंकटच्या रेल्वेला नेहमीचा कोपरा मिळाला होता, हात धुवायच्या नळांशेजारचा. तिथे ओल असते, जेवून आलेले लोक हात झटकत जातात आणि पाण्याचे थेंब शेतांवर पडतात, पण विजेचं बटण तिथेच आहे, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नव्हता. तक्रार करायला लागणारा जोरही यंदा व्यंकटजवळ नव्हता.

रेल्वे म्हणजे खरं तर अर्धी रेल्वे. पलंगाएवढ्या दोन फळ्या होत्या. एक बसवकल्याणात व्यंकटच्या बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माळ्यावर असायची, तिच्यावर स्टेशन, अडत बाजार आणि केरसुणीच्या काड्यांचा ऊस. दुसरी निर्ण्याला त्याच्या जुन्या मित्राच्या, जगदेवप्पाच्या घरी, तिच्यावर मुरमाची टेकडी आणि नाला. दोन्ही फळ्या शेजारी लावल्या की गोल पुरा व्हायचा. गाडी स्टेशनावरून निघून पुढच्या जोडावरून जगदेवप्पाच्या मुलखात जायची, टेकडीला वळसा घालायची आणि मागच्या जोडावरून व्यंकटकडे परत यायची. अंगठ्याएवढं इंजिन आणि त्यामागे काडेपेटीच्या आकाराचे दोन डबे. इंजिन दोघांत एकच. ते जगदेवप्पाकडे राहायचं, आणि त्याला वीज पुरवणारी, वेग कमीजास्त करणारी पेटी व्यंकटकडे. एकाने दुसऱ्याला सोडून एकट्याने खेळू नये म्हणून दोघांनी मिळून काढलेली ही युक्ती होती. तेव्हा तिचं फार हसू आलं होतं. आता ती अंगाशी आली होती, कारण वर्षभर दोघांचं बोलणं नव्हतं.

भांडण मागच्या जोडावरून झालं. जगदेवप्पाच्या मनात नाल्यावर पूल हवा असं आलं आणि त्याने तो बांधलाही. पूल आला म्हणून रूळ वर चढले, आणि फळीच्या कडेला येईपर्यंत ते व्यंकटच्या रुळांपेक्षा चांगले दोन बोटं उंच राहिले. व्यंकटचं म्हणणं, सपाट ठेव, इंजिनाला चढउतार झेपत नाही. जगदेवप्पाचं म्हणणं, तुझं सगळंच सपाट. शेवटी गेल्या वर्षी प्रदर्शनात दोन्हींच्या मध्ये पुठ्ठ्याचा उतार लावला, आणि भर गर्दीत गाडी त्या उतारावरून घसरून उसात पडली.

पडली तर पडली, एवढ्याने काही बिघडलं नसतं. जगदेवप्पा गाडी रुळांवर ठेवायला वाकला. त्याच्या हातांना त्या वर्षीच कंप सुरू झाला होता. एक चाक बसवावं तर दुसरं उतरायचं. लोक बघत होते, कुणीतरी हसलं, आणि व्यंकटने त्याच्या हातातून इंजिन ओढून घेतलं.

"सोड," तो म्हणाला होता. "तुझ्या हातानं आता व्हत न्हाई."

जगदेवप्पा बाजूला झाला. व्यंकटने गाडी रुळांवर लावून दिली. संध्याकाळी जगदेवप्पाने इंजिन फडक्यात गुंडाळलं, आपली फळी उचलवली आणि तो निर्ण्याला निघून गेला. व्यंकटला ते वाक्य त्याच रात्रीपासून डाचत होतं. माणूस रागात पुष्कळ बोलतो आणि ते विरूनही जातं, पण हे खरं होतं, म्हणून विरत नव्हतं.

दिवाळीनंतर त्याने माळ्यावर जाऊन आपले मागचे रूळ उखडले. खाली भुसा आणि फेविकॉलचा थर देत देत त्याने ते दोन बोटं वर उचलले. कडेला पुलाच्या उंचीवर आणले आणि तिथून स्टेशनापर्यंत इतका लांब, निवांत उतार काढला की त्यात अडत बाजार अर्धा गेला. नागूबाईने, त्याच्या बायकोने, शिडीखालून विचारलं की एवढं करायलाव तर त्यांना एक फोन का करत न्हाई. व्यंकटने ऐकू न आल्यासारखं केलं. नमतं घेणं त्याला जमलं होतं. नमतं घेतलं असं तोंडाने सांगणं जमत नव्हतं. जगदेवप्पा येईल, फळी लावेल, रुळाला रूळ जुळलेला बघेल आणि समजून जाईल, असा त्याचा हिशेब होता. म्हणूनच तो या वयात टेम्पोत बसून आला होता. जगदेवप्पा आला नाही, तर यापुढे फळी माळ्यावरून काढायची नाही, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

प्रदर्शन मांडणारी मंजुश्री कॉलेजात शिकवायची. ती हातात चिकटपट्टी घेऊन इकडून तिकडे पळत होती. व्यंकटने तिला शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं की निर्ण्याकडून काही कळलं का.

"फोन केलता काका मी. 'बघू' म्हणाले."

बघू. जगदेवप्पाचं 'बघू' व्यंकट वर्षानुवर्षं ऐकत आला होता. त्यातून हो निघायचं तसं नाहीही निघायचं. त्याने वायर जोडली, पेटी लावली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिला. लोक येऊ लागले. अर्ध्या फळीवरचं स्टेशन बघून, कडेला तुटलेले रूळ बघून प्रत्येक जण तोच प्रश्न विचारायचा की गाडी कुठाय, आणि व्यंकट प्रत्येकाला सांगायचा की यायलीय. सांगून सांगून त्या शब्दातला दम गेला. त्याला वाटलं, उठावं, राजपालला परत बोलवावं, घरी जाऊन पडावं. पण उठायचाही कंटाळा आला होता, म्हणून तो बसून राहिला.

उन्हं चढल्यावर दाराशी गडबड झाली. दोन हमाल चादरीत झाकलेली फळी घेऊन आत आले, मागे हातात डबा घेतलेली लक्ष्मम्मा, आणि तिच्या मागे तिचा नवरा जगदेवप्पा. तो वाळला होता. उजवा हात त्याने सदऱ्याच्या खिशात घातलेला होता, आणि तो तिथे का घातलाय हे व्यंकटला लगेच कळलं. व्यंकट खुर्चीतून उठला. जगदेवप्पाने त्याच्याकडे न बघता हमालांना टेबल दाखवलं.

मग त्याने खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली, सोडली, आणि इंजिन व्यंकटच्या स्टेशनावर ठेवलं. रुळांवर नाही, शेजारी फलाटावर.

व्यंकट चष्मा सारखा करून खाली वाकला. दर खंडेनवमीला दोघं मिळून इंजिनाची पूजा करायचे. जगदेवप्पा आपल्या रिवाजाने विभूतीची तीन बोटं ओढायचा आणि व्यंकट त्याखाली हळदकुंकू लावायचा. यंदा व्यंकट गेला नव्हता. इंजिनाच्या कपाळावर विभूतीच्या पुसट रेघा होत्या, आणि त्याखाली, जरा वाकडं, थोडं पसरलेलं, कुंकू होतं. विभूतीवाल्या त्या घरात व्यंकटच्या वाटणीचं ते कुंकू कुणाच्या कापऱ्या बोटाने लावलं असेल हे विचारायची गरज नव्हती. त्याने नळाकडे तोंड करून उगाच हात धुतले.

हमालांनी चादर काढली आणि फळी सरकवली. पुढचा जोड नेहमीसारखा टक्कन बसला. मग दोघंही, एक इकडून आणि एक तिकडून, मागच्या जोडाकडे गेले.

व्यंकटचे रूळ वर होते. जगदेवप्पाचे खाली.

पूल नव्हता. नाला बुजवलेला होता, आणि टेकडीच्या पायथ्यापासून कडेपर्यंत हिरव्या भुशाचं सपाट तुरीचं रान पसरलं होतं. रानातून रूळ सरळ कडेला आले होते आणि व्यंकटच्या फळीपाशी येऊन दोन बोटं खाली थांबले होते. गेल्या वर्षीचीच फट होती, फक्त उलटी.

व्यंकटने वाकून फटीत दोन बोटं घालून पाहिली.

"पूल कुठाय?" व्यंकटने विचारलं.

"काढला."

"कामून?"

"तूच म्हणलास ना, इंजिनाला झेपत न्हाई." जगदेवप्पाने व्यंकटच्या लांब उतारावरून नजर फिरवली. अर्धा गेलेला अडत बाजार त्याने पाहिला. "आन् तू हे काय करून बसलास?"

"तुझ्या पुलाला जुळावं म्हणून."

लक्ष्मम्माने दोघांकडे बघितलं, जोडाकडे बघितलं आणि डबा खाली ठेवून खुर्चीत बसली. तिला हसू आलं होतं, पण पदर तोंडाशी नेला तेव्हा डोळेही पुसले गेले.

"एक फोन करायला काय झालतं, व्यंकटण्णा?" ती म्हणाली. "ह्यांनी तर केला न्हाई. तुमी तरी."

मंजुश्री येऊन बघून गेली, तिने जगदेवप्पाच्या टेबलाखाली विटा द्यायला सुचवलं. विटा दिल्या. मागचा जोड जुळला आणि पुढचा सुटला. विटा काढल्या. कुणीतरी पुठ्ठा आणून दिला. दोघांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि दोघांपैकी कुणीच तो हातात घेतला नाही.

जगदेवप्पा थकून टेबलाच्या कडेला टेकला. त्याचा उजवा हात खिशाबाहेर आला होता आणि फळीवर बारीक बारीक वाजत होता. त्याने तो डाव्या हाताने धरला. तुरीच्या रानात जागोजागी भुसा उडालेला होता, रुळांचे खिळे कुठे वाकडे, कुठे दोनदा ठोकलेले होते. या हातांनी पूल उतरवून हे सगळं करायला किती दिवस लागले असतील, हे व्यंकट मनातल्या मनात बघत होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"झाकून ठेवू," जगदेवप्पा म्हणाला. "लोकं बघून जातील तशीच. थकलो बघ मी."

"मी बी थकलोय," व्यंकट म्हणाला. "पर झाकायचं न्हाई. तू मागच्या जोडावर बस. गाडी आली की उचलायची आन् माझ्या रुळावर ठेवायची."

जगदेवप्पाने मान वर केली.

"मी?"

"व्हय."

"ह्या हातानं?"

"तुझ्या हातानं," व्यंकट म्हणाला. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, ते त्याने वर्षभर तयार करून ठेवलं होतं, पण त्यातलं काहीच आता आठवेना. त्याने आपली खुर्ची उचलून मागच्या जोडापाशी नेऊन ठेवली.

जगदेवप्पा खुर्चीकडे बघत उभा राहिला. मग बसला.

व्यंकटने इंजिन रुळांवर घेतलं, डबे जोडले आणि पेटीची खुंटी फिरवली. गाडी निघाली. स्टेशन सोडून उसाच्या कडेने पुढच्या जोडावर गेली, पलीकडे टेकडीआड दिसेनाशी झाली, आणि तुरीच्या रानातून सावकाश कडेशी आली. व्यंकटने खुंटी बंद केली. लोक जमले होते. काडेपेट्यांच्या टेबलाकडचेही येऊन उभे राहिले.

जगदेवप्पाने इंजिन उचललं. ते त्याच्या चिमटीत थरथरत वर आलं. पुढची चाकं बसली, मागची उतरली. त्याने परत उचललं. मागची बसली, पुढची उतरली. गर्दीतल्या एका गृहस्थाने, भल्या मनानेच, मदतीला हात पुढे केला. व्यंकटने तो हात मनगटाशी धरून हळूच खाली आणला.

"थांबली कामून ओ गाडी?" मागून कुणीतरी विचारलं.

"क्रॉसिंग हाय," व्यंकट म्हणाला. "जाईल."

मग त्याने खिशातून झाकण काढलं, फेविकॉलची बाटली उघडली, आणि जगदेवप्पाकडे पाठ करून स्टेशनवर टाकी बसवायला घेतली. टाकी केव्हाच बसली होती. तरी तो ती बोटाने दाबून उभा होता.

"हं," मागून जगदेवप्पाचा आवाज आला. "सोड आता."

व्यंकटने न बघताच खुंटी फिरवली.